घराला कुलूप, घंटेला जाग

सुटी लागली, की मैसूरच्या पश्चिमेला असलेल्या बोगादीतल्या फ्लॅटनाही कुलपे लागतात. पण बाहेरचे कुलूप चोरालाही दिसते! अशा वेळी बर्गलर अलार्म, म्हणजेच चोरघंटा कामी येते.

विजेवरच्या चोरघंटेचे पेटंट अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये घेतले. दार उघडताच घंटा वाजावी, ही कल्पना आजही तीच आहे. दाराला चुंबक आणि चौकटीला स्विच असतो. दोन्ही दूर झाले, की घंटा वाजू लागते.

वरच्या मजल्यावर मुख्य दार आधी सांभाळावे. तळमजल्यावर बाल्कनी व स्वयंपाकघराची खिडकीही. माणसाच्या अंगची उष्णता टिपणारा सेन्सर उन्हासमोर लावू नये, नाहीतर उगीच बोंब होते. घरात मांजर असेल, तर दुकानदाराला आधी सांगावे. वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी हवीच. महिन्यातून एकदा घंटा वाजवून पाहावी.

गावी जाताना शेजाऱ्यांना आपला फोन नंबर द्यावा. पोलिसांसाठीचा ११२ क्रमांकही त्यांच्याजवळ असू द्यावा. घंटा नुसती ओरडते, धावून येतो तो शेजारीच!