प्लेगने बदललेली मुंबई

दादरच्या हिंदू कॉलनीतून चालताना सरळ रस्ते, दुतर्फा झाडे आणि इमारतींमधील मोकळी जागा सहज नजरेत भरते. तेथून मांडवीला जावे, तर गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना खेटून उभी! एकाच शहरात एवढा फरक का? याचे उत्तर एका साथीच्या इतिहासात सापडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवीत गाठीच्या तापाचा रोगी आढळला. तो प्लेग होता. लोक भीतीने गावी पळू लागले. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

कोंदट हवा, ओल आणि अंधार यांमुळे रोग फैलावतो, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. त्यामुळे उपायही घरांवरच योजला गेला. १८९८ मध्ये कायद्याने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतील घरे पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. उत्तरेस दादर-माटुंगा भागात जमिनी घेऊन आखीव वसाहतींसाठी भूखंड पाडले.

पण घर पाडले म्हणून त्यातला माणूस नाहीसा होत नाही! गोदीतल्या हमालाला कामापासून चालत जाण्याच्या अंतरावरच राहणे भाग होते. दूरची हवेशीर जागा त्याच्या काय कामाची? तो शेजारच्या गल्लीत शिरला. खोल्या कमी झाल्या, मागणी तेवढीच राहिली. साहजिकच भाडी चढली आणि एकेका खोलीत अधिक माणसे राहू लागली. ट्रस्टने चाळी बांधल्या खऱ्या, पण सुरुवातीच्या काळात त्या पाडलेल्या घरांच्या मानाने अपुऱ्या पडल्या.

दरम्यान, १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे दाखवले. मग मोकळ्या हवेचा खटाटोप वाया गेला का? नाही. क्षयासारख्या रोगांना हवेशीर घर आळा घालते. २०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हाही खेळत्या हवेचे महत्त्व पुन्हा पटले.

ट्रस्टने पुढे एक सोपा नियमही घालून दिला. समोरच्या भिंतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या तळापर्यंत कल्पिलेली रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून मोठा कोन करता कामा नये. या कोनाचा स्पर्शक (टॅन) जवळजवळ २ असतो. म्हणजेच ६० फूट उंच भिंतीसमोर निदान ३० फूट जागा मोकळी हवी.

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. जमिनीत उभी काठी रोवा. तिची सावली आणि शेजारच्या इमारतीची सावली एकाच वेळी मोजा. समरूप त्रिकोणांवरून इमारतीची उंची काढा आणि समोरची मोकळी जागा तिच्या निम्मी भरते का, ते तपासा. कमी भरली, तर लगेच 'पाडा!' म्हणू नका. तेथली माणसे कोठे राहायला जातील, हा प्रश्न आधी विचारा. मुंबईच्या प्लेगने शिकवलेला धडा तोच आहे.