डाव्या बाहीचा रंग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन आमच्या इमारतीचे मजले उतरत येते. दारांवरची झेंडूची तोरणं तोवर माना टाकू लागलेली असतात. ती कचऱ्याच्या डब्यात जाण्याआधी मला हवी असतात. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना वाटलं, निवृत्तीनंतर बाई खत करायला लागल्या. दुसऱ्या वर्षी एकीनं धीर करून विचारलंच. मी तिला बाल्कनीत नेऊन सावलीत वाळत घातलेली लोकरीची लडी दाखवली. हळदीच्या जवळचा, पण हळदीइतका भडक नसलेला पिवळा रंग. तिचा विश्वास बसेना. "हा आमच्या दारावरचा झेंडू?" असं म्हणत तिनं लडीचा वास घेऊन पाहिला. वास अर्थातच ओल्या लोकरीचा होता, आणि तो काही फारसा चांगला नसतो.

हे वेड मला लागलं ते मात्र झेंडूनं नव्हे, कांद्यानं.

1989 साली मला बँकेत अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि रिवाजाप्रमाणे बढतीबरोबर बदलीही. शाखा निफाड तालुक्यात, लासलगावपासून जवळच्या एका गावात. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. तो, त्याचे बाबा आणि सासूबाई ठाण्याला राहिले आणि मी एक वळकटी, एक स्टोव्ह घेऊन शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शिवण आणि विणकाम शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणे, मी 'काकू' म्हणू लागले.

लासलगाव म्हणजे आशियातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ, हे शाळेत घोकलं होतं. पण कांद्याचा तालुका म्हणजे काय ते तिथं राहिल्यावर कळलं. मार्च-एप्रिलात निघालेला उन्हाळी कांदा शेतकरी हवेशीर चाळींत भरून ठेवतात आणि भाव पाहून पावसाळाभर थोडा थोडा बाहेर काढतात. चाळ निवडायला घेतली, की सोनेरी सालींचा नुसता खच पडतो. पीककर्जाच्या पाहणीसाठी मी चाळींतून हिंडे, तेव्हा त्या साली माझ्या पदराला, केसांना चिकटून घरी येत. एका संध्याकाळी काकूंनी माझ्या केसांतली साल काढली आणि म्हणाल्या, "मॅडम, उद्या जाल तिथून एक पोतं भरून आणा. टाकूनच देतात ते."

त्या सालींत लोकर रंगते हे मला ठाऊक नव्हतं. लोकर म्हणजे दुकानात पातळ कागदी पट्टीच्या लडीत मिळते ती, पट्टीवर शेड नंबर आणि लॉट नंबर छापलेली, एवढंच माझं ज्ञान. बँकेतल्या आम्हा बायका जेवणाच्या सुटीत विणत असू. 'बँकेत बायका स्वेटर विणतात' हा त्या काळचा लाडका विनोद आम्ही पुष्कळ ऐकून घेतला आहे. (पुरुष त्याच सुटीत कॅरम खेळत. त्यावर विनोद झाल्याचं मला आठवत नाही.) पण ती लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची. काकूंनी माझ्या टोपलीतला एक धागा उचलून काडी लावली. तो वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. मग आपल्या डब्यातला पांढरा धागा जाळून दाखवला. केस जळल्याचा वास आला आणि उरलेली राख बोटांत चुरली गेली. "ही मेंढीची. हिलाच रंग चढेल. तुझ्या त्या प्लॅस्टिकला कांदा काय आणि झेंडू काय!" 'मॅडम'वरून त्या 'तू'वर आल्या, त्या अशा.

मी विचारलं, आपल्याकडे धनगरांची एवढी मेंढरं, मग त्यांचीच लोकर का नाही? काकूंनी भिंतीला टेकवलेली घोंगडी माझ्या हातात दिली. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुतेक काळी. सूत हातानं कातून, चिंचोक्याची खळ देऊन तिची घोंगडी होते. पावसात ती छत्रीचं काम करते आणि रात्री अंथरुणाचं. पण काळ्यावर दुसरा रंग काय दिसणार, आणि मुलाच्या अंगाला ती टोचणार. म्हणून नाशिकहून पांढरी, मऊ, चार पदरी लोकर आणली. अडीचशे ग्रॅम.

काकूंची रंगवण्याची रीत मी आजही तशीच पाळते. लोकर आधी तासभर साध्या पाण्यात भिजवायची. शंभर ग्रॅम लोकरीला बारा ते पंधरा ग्रॅम तुरटी मोठ्या पातेल्यात विरघळवून त्या कोमट पाण्यात ती सोडायची, आणि उकळी फुटू न देता तासभर मंद आचेवर ठेवून तिथंच निवू द्यायची. रंगाला धाग्यावर धरून ठेवते ती तुरटी. ती चुकली तर रंग दोन धुण्यांत निघून जातो. सालींचा काढा वेगळा. लोकरीच्या वजनाइतक्या सुक्या साली तासभर उकळून गाळून घ्यायच्या, काढा कोमट झाला की त्यात ओली लोकर सोडायची आणि पुन्हा मंद आच. मध्येमध्ये हलक्या हातानं वर-खाली करायची, ढवळायची नाही. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात घातली किंवा चोळली, तर ती आटून तिचा नमदा होतो. "लोकरीला दचकवायचं नाही," असं काकू म्हणत. पातेलं स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं हवं. लोखंडाच्या कढईत तोच रंग काळपट होतो, तांब्यात वेगळाच. आणि ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, हेही सांगून टाकते.

पहिली लडी बाहेर आली तेव्हा मी नुसती बघत राहिले. जुन्या सोन्याचा, जरा केशरीकडे झुकणारा रंग. जवळून पाहिलं तर सगळीकडे सारखा नाही. कुठं गडद, कुठं फिका, लडी बांधली होती तिथं पांढुरकी रेघ. काकू म्हणाल्या, तीच तर मजा आहे.

नवरात्रात मी टाके घातले. काठाला अकरा नंबरच्या सुया, अंगाला नऊ नंबर. निफाडची थंडी महाराष्ट्राला पेपरातून माहीत असते. तिथल्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती घसरला, हे दर हिवाळ्यात छापून येतं. मी दिवाळीआधीच दोन पांघरुणं घेऊन बसत असे. आता विचार केला की हसू येतं. थंडी वाजत होती मला, आणि स्वेटर मी विणत होते ठाण्यातल्या मुलासाठी, जिथं जानेवारीतही दुपारी पंखा लावतात.

पाठ झाली, पुढचा भाग झाला, उजवी बाही झाली. दिवाळीला घरी जाताना एका बाहीचा स्वेटर पिशवीत घालून मापाला नेला. मुलानं तो घातला आणि आरशासमोर उभा राहून मोकळ्या हाताकडे बघत विचारलं, "ही कधी होणार?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि परत गाडीत बसले.

गावी येऊन पाहते तर लोकर संपत आलेली. लोकांच्या कर्जाची अंदाजपत्रकं दिवसभर तपासणाऱ्या बाईचा स्वतःचा अंदाज पन्नास ग्रॅमनं चुकला होता. कारण काकूंनी क्षणात सांगितलं. पुढच्या भागावर मी हौसेनं वेण्या घातल्या होत्या. टाके एकमेकांवरून नेले की वीण आक्रसते आणि तेवढ्याच रुंदीला लोकर जास्त लागते. पुन्हा पांढरी लोकर आणली, पोतं घेऊन चाळीवर गेले. उन्हाळी कांदा विकून चाळी रिकाम्या झालेल्या. बाजारात आला होता तो खरिपाचा लाल कांदा. त्याच्या सालींचा काढा दिसायला लालभडक, पण तुरटीच्या लोकरीवर उतरला तो हिरवट-तपकिरी. मी तुरटी वाढवली, काढा पातळ केला, दोनदा बुडवलं. सोनं काही येईना. काकू म्हणाल्या, "हंगाम गेला बाई. आता पुढच्या वैशाखापर्यंत थांब, नाहीतर आहे त्यात विण."

थांबायला मला वेळ नव्हता. डाव्या बाहीचा रंग उरलेल्या स्वेटरशी फटकून राहिला.

संक्रांतीच्या सुमारास तो मुलाला दिला. एकदा शाळेत घालून गेला आणि परत आला तो काढून ठेवूनच. वर्गातल्या एकानं विचारलं होतं म्हणे, "एक हात उसना आणलास का?" पुन्हा त्यानं तो घातला नाही. 1992 साली माझी बदली ठाण्याला झाली, तोवर तो त्याला आखूड झाला होता. मी तो कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि मनाशी नोंद केली: रंग चुकला.

त्या चुकीनं मला बरंच शिकवलं. हातानं रंगवलेल्या लोकरीला लॉट नंबर नसतो. एका पातेल्यातून एकदा निघाली तेवढीच ती. म्हणून लागेल त्याहून थोडी जास्त लोकर एकदम रंगवायची. आणि दोन लड्यांत फरक दिसलाच, तर तो लपवायचा नाही, वाटून टाकायचा. दोन ओळी या गुंड्याच्या, दोन ओळी त्या गुंड्याच्या, असं विणत गेलं की फरक सगळ्या अंगभर मुरतो आणि डोळ्याला खुपत नाही. हल्ली शहरांतून छोटे रंगारी मेरिनो लोकर हातानं रंगवून विकतात, एकाच लडीत तीन-तीन रंग. तिथंही हीच युक्ती कामी येते. नाहीतर एकाच रंगाची डबकी साचतात, क्रोशात तर विशेषच. शिवाय त्याच आकाराच्या कामाला क्रोशाला लोकरही सुयांपेक्षा जास्त लागते, हे धरून चालावं.

आणि हंगाम. रंग बाराही महिने बाटलीत मिळण्याची सवय माणसाला फार जुनी नाही. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोरानं 1856 साली लंडनमध्ये हिवतापावरचं औषध करता करता चुकून जांभळा रंग केला. 1897 साली कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची नीळ मागे पडत गेली. त्याआधी रंगाला ऋतू होताच. फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुलं वाळवून ठेवली तर लोकरीवर छान पिवळा-केशरी रंग येतो. डाळिंबाची साल केव्हाही साठवावी. पावसाळ्यात लोकर वाळता वाळत नाही, पण पावसाचं पाणी मृदू, त्यात पिवळे रंग स्वच्छ उतरतात. उलट, मंजिष्ठेला विहिरीचं जड पाणीच मानवतं, आणि ती उकळू द्यायची नाही, उकळली की लालाचा विटकरी होतो. उन्हाळ्यात मी लोकर बांधून ठेवते आणि क्रोशाचा सुती दोरा काढते. सूत मात्र हट्टी. आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून मगच तुरटी दिली, तर ते रंग घेतं. हळद आणि बीट या दोघांच्या नादी लागू नये. पहिल्या दिवशी डोळे दिपवतात आणि उन्हात महिनाभरात पळ काढतात. कर्ज देताना अशी माणसं मी पाहिली आहेत.

गेल्या डिसेंबरात मुलगा सहकुटुंब आला होता. नात सात वर्षांची. तिनं ट्रंक उपसली आणि तो स्वेटर घालून बाहेर आली. "आजी, ही बाही वेगळी का?" इतक्या वर्षांनी सोनं जरा फिकं झालं होतं, पण फरक होता तसाच. मी म्हटलं, थांब, दुरुस्त करते. माझ्या डोक्यात हिशेब तयार होता. लोखंडाच्या पाण्यात अख्खा स्वेटर बुडवला, की दोन्ही रंग शेवाळी होऊन एक होतील. नाहीतर बाही उसवून नवी घालू.

मुलगा पेपर वाचत होता. वर न पाहता म्हणाला, "त्याला हात लावू नकोस, आई."

"अरे, पण तूच तर त्या रंगापायी घातला नाहीस."

"रंगापायी?" त्यानं पेपर खाली ठेवला. "दिवाळीत तू म्हणाली होतीस, दुसरी बाही झाली की मी आलेच. बाही झाली. तू स्वेटर दिलास आणि रविवारी संध्याकाळी परत गेलीस."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. म्हटलं असेन, मुलांना आपण असं काहीतरी म्हणतोच. सून स्वयंपाकघरात गेली. नात दोन्ही हात लांब करून बाह्या ताडून पाहत होती.

तो स्वेटर तो आपल्या घरी घेऊन गेला. डांबरगोळ्या घालू नकोस, कडुलिंब घाल, एवढंच मी सांगितलं.

नातीसाठी नवा घातला आहे. निम्मी लोकर कांद्याची, निम्मी झेंडूची, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून साडेतीनशे ग्रॅम. वेण्या नाहीत. दोन ओळी सोन्याच्या, दोन ओळी पिवळ्या. बाह्या मी दोन्ही एकाच लांब सुईवर शेजारी शेजारी घातल्या आहेत, प्रत्येकीला तिचे गुंडे, म्हणजे दोन्ही एकदमच वाढतात आणि एकदमच संपतात. फोनवर नातीनं विचारलं, "कधी होणार?" संक्रांतीपर्यंत होईल, म्हटलं. पुढे आणखी काही बोलले नाही.