आकाशातील शस्त्रे आणि आपला गल्ला

२०२५ च्या जून महिन्यातील गोष्ट. इस्रायल आणि इराण यांच्यात लढाई जुंपली होती. आमचा ड्रेस मटेरियलचा एक कंटेनर न्हावा-शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराकडे निघालेला होता. जहाज कुठवर आले ते मुलाने मोबाईलवर पाहिले आणि मला हाक मारली, "अब्बा, जहाज तर जमिनीवर उभे दिसतेय!" चष्मा लावून पाहिले तर खरोखरच जहाजाची खूण समुद्रात नव्हती, वाळवंटात होती. खरेदीदार दिवसातून तीनदा फोन करत होता आणि त्याला काय सांगावे ते कळत नव्हते. तीन दिवस उशिरा माल सुखरूप पोहोचला, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या तीन दिवसांत झोप लागली नाही.

नंतर कळले की जहाज कुठेच भरकटले नव्हते. त्या भागात उपग्रहांकडून येणारे संकेत कोणीतरी मुद्दाम बिघडवत होते आणि शेकडो जहाजांच्या खुणा नकाशावर भलतीकडे दिसत होत्या. त्याच आठवड्यात ओमानच्या आखातात दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. संयुक्त अरब अमिरातीने प्राथमिक माहितीत नौकानयनातील चूक असे कारण दिले. मात्र त्यातील एका जहाजाची खूण टक्करीपूर्वी इराणच्या जमिनीवर दिसत होती, हेही तितकेच खरे.

आतापर्यंत माझी समजूत होती की आकाशातील शस्त्रांची चर्चा म्हणजे मोठ्या राष्ट्रांची आणि शास्त्रज्ञांची भानगड. कापडाच्या गाठी विकणाऱ्याचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट गल्ल्याशी आहे. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडत आहे.

गजाच्या मापातील खोट

आपल्या वाडवडिलांच्या काळी काफिले आणि जहाजे ताऱ्यांवरून वाट शोधत. किबल्याची दिशाही आकाश पाहूनच ठरे. आजही युरोपियन लोक ज्यांना अल्डेबरान, अल्टेअर म्हणतात ती नावे मूळ अरबीच आहेत. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी दहाव्या शतकात स्थिर ताऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला तो शतकानुशतके वापरात होता. ते तारे कोणाच्या मालकीचे नव्हते. त्यांना कोणी बंद करू शकत नव्हते.

आजचे तारे माणसाने बनवलेले आहेत आणि त्यांना मालक आहे. ज्याला आपण जीपीएस म्हणतो ती यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून तीसएक उपग्रह पृथ्वीवर संकेत पाठवतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. ट्रकचा ड्रायव्हर त्यावर रस्ता शोधतो आणि जहाजाचा कप्तान दिशा पाहतो. मोबाईलची जाळी, बँका आणि शेअरबाजार यांच्या अचूक वेळेचा मेळही जगभर मोठ्या प्रमाणावर याच घड्याळांवरून बसवला जातो.

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात जाणूनबुजून चूक घालत असे. लष्कराला नेमकी जागा कळे आणि इतरांना शंभर मीटरपर्यंतचा फरक सोसावा लागे. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढली गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर दुकानदाराने दोन गज ठेवले होते, एक स्वतःसाठी खरा आणि एक गिऱ्हाईकासाठी खोटा. आता खोटा गज मोडला आहे. पण दुकान त्याचेच आहे.

म्हणूनच रशिया, चीन आणि युरोप यांनी आपापल्या यंत्रणा उभ्या केल्या. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर भारतालाही ही गरज तीव्रतेने जाणवली. २०१३ ते २०१६ या काळात आपण नाविक यंत्रणेचे सात उपग्रह पाठवले. त्यातील काहींची परदेशी अणुघड्याळे बिघडली. २०२३ मध्ये देशी घड्याळ बसवलेला उपग्रह गेला, पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. स्वावलंबनाची वाट सोपी नाही.

करारात काय आहे, काय नाही

आकाशाचा कायदाच नाही असे नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. चौदाशे किलोमीटरहून दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांवरील दिवे गेले. अनेक उपग्रह निकामी झाले. त्यात ब्रिटनचा पहिला उपग्रह होता आणि स्फोटानंतर एका दिवसाने सोडलेला टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रहही होता. शस्त्र एकाचे आणि नुकसान सगळ्यांचे, हे तेव्हाच दिसून आले.

१९६७ मध्ये बाह्य अंतराळ करार झाला. भारताने त्याच वर्षी सही केली आणि १९८२ मध्ये त्याला मान्यता दिली. आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत. अंतराळावर किंवा चंद्रावर कोणी मालकी सांगू शकत नाही, असे तो सांगतो. अण्वस्त्रे व इतर सर्वसंहारक शस्त्रे कक्षेत ठेवायला त्यात मनाई आहे, आणि चंद्राचा वापर केवळ शांततेसाठीच करायचा आहे.

मात्र कोणताही मुरलेला व्यापारी करार वाचताना काय लिहिले आहे याच्याबरोबर काय लिहिलेले नाही तेही पाहतो. साधी, म्हणजे अणू नसलेली शस्त्रे कक्षेत ठेवू नका, असे यात कुठेही नाही. जमिनीवरून क्षेपणास्त्र मारून उपग्रह फोडू नका, असेही नाही. टेहळणीचे उपग्रह तर पहिल्यापासूनच वर आहेत, आणि शस्त्रकपातीचे करार पाळले जातात की नाही हे पाहायला त्यांचाच उपयोग झाला. म्हणून जाणकार दोन गोष्टी वेगळ्या करतात. लष्कराने उपग्रह वापरणे ही एक, आणि आकाशात शस्त्र चालवणे ही दुसरी. पहिली कधीच होऊन गेली आहे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी फौजा वाळवंटात उपग्रहांच्या आधारानेच पुढे सरकल्या. खरा वाद दुसरीचा आहे.

फुटलेल्या मालाचा हिशेब

आतापर्यंत अमेरिका, रशिया, चीन आणि भारत या चार देशांनी उपग्रह फोडून दाखवले आहेत, आणि प्रत्येकाने स्वतःचाच फोडला आहे. जानेवारी २००७ मध्ये चीनने आठशे किलोमीटरहून अधिक उंचीवरील आपला जुना हवामान उपग्रह फोडला. त्याचे मोजता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. इतक्या उंचीवरचे तुकडे दशकानुदशके खाली येत नाहीत. ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने फिरणारा बोटभर तुकडाही चालू उपग्रहाचा निकाल लावू शकतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपला एक उपग्रह फोडला. पंधराशेहून अधिक तुकडे झाले आणि अंतराळ स्थानकातील सात जणांना जीव वाचवण्यासाठी आपापल्या यानांत जाऊन बसावे लागले. त्या सातांमध्ये दोघे रशियनच होते.

नुकसानभरपाईसाठी १९७२ चा वेगळा करार आहे. उपग्रह जमिनीवर पडून नुकसान झाले तर पाठवणारा देश सरळ जबाबदार ठरतो. आकाशातच टक्कर झाली तर मात्र समोरच्याचा दोष सिद्ध करावा लागतो. हजारो तुकड्यांपैकी कोणाचा तुकडा लागला, हे कसे सिद्ध करणार? जमिनीवरचे एक प्रकरण नमुन्यादाखल पाहा. जानेवारी १९७८ मध्ये रशियाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला. कॅनडाने साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले. तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, तीस लाखांवर तडजोड झाली. सरकारांची वसुली अशी, तर तुमच्या-माझ्या उधारीचे काय बोलावे!

आणि उपग्रहाला इजा करायला तो फोडावाच लागतो असेही नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर रशियाचा हल्ला सुरू झाला त्याच पहाटे एका उपग्रह इंटरनेट सेवेवर संगणकी हल्ला झाला. युरोपातील हजारो ग्राहकांची यंत्रे बंद पडली. युद्धाशी काही देणेघेणे नसलेल्या जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवर दुरून लक्ष ठेवण्याची सोय तुटली.

स्टॅम्पपेपर की बाजाराचा शिरस्ता?

आकाशात शस्त्रस्पर्धा नको, असा ठराव १९८१ पासून संयुक्त राष्ट्रसंघात येत आहे. इजिप्त आणि श्रीलंका यांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. पण बंधनकारक करार अजून झालेला नाही, कारण मोठ्यांमध्ये दोन तट आहेत.

रशिया आणि चीन म्हणतात की अंतराळात शस्त्रे ठेवण्यावर बंदीचा लेखी करार करा. तसा मसुदा त्यांनी २००८ मध्ये आणि सुधारून २०१४ मध्ये ठेवला. अमेरिका म्हणते की यात शस्त्राची व्याख्या नीट नाही, तपासणीची सोय नाही आणि जमिनीवरून मारल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांना यातून मोकळीक मिळते. त्याऐवजी सर्वांनी जबाबदार वागणुकीचे नियम पाळावेत. म्हणजे एकाला स्टॅम्पपेपर हवा आहे आणि दुसऱ्याला बाजाराचा शिरस्ता. कापडबाजारात वावरलेला माणूस सांगेल की दोन्ही लागतात. जबान पाळली जात नसेल तर स्टॅम्पपेपर घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि कागदच नसेल तर जबान फिरवणाऱ्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही.

दोन्ही बाजूंचे हात स्वच्छ नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्या करणार नाही असे जाहीर केले. ही चांगली गोष्ट झाली. पण १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी मांडलेले आकाशातील ढालीचे स्वप्न मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम' नावाने पुन्हा बाहेर काढले. त्यात अंतराळातून मारा करणारी शस्त्रे आहेत आणि खर्चाचा आकडा १७५ अब्ज डॉलर सांगितला गेला. दुसरीकडे, अंतराळात अण्वस्त्रे न ठेवण्याच्या जुन्या वचनाला दुजोरा देणारा ठराव एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेत आला. १३ देशांनी पाठिंबा दिला, चीन तटस्थ राहिला आणि रशियाने नकाराधिकार वापरला. बंदी सर्वच शस्त्रांवर हवी, असे कारण त्याने दिले. सगळे मिळत नाही म्हणून आधी कबूल केलेलेही नाकारायचे, हा व्यवहार कोणत्याही पेढीवर चालत नाही.

भारत कुठे उभा आहे?

आपल्या अंतराळ कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातील होते. कापड उद्योगाच्या संशोधनासाठी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अटिरा या संस्थेच्या उभारणीतही त्यांचाच पुढाकार होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले आणि १९६८ मध्ये ते केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला, म्हणजे सर्व देशांच्या शास्त्रज्ञांसाठी, अर्पण करण्यात आले. थुंब्याच्या त्या पहिल्या पिढीत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पुढे उपग्रह नेणारे यान आणि क्षेपणास्त्रे या दोन्हींवर त्यांनी काम केले. शिडी एकच असते. तिच्यावरून चढून छप्पर शाकारायचे की शेजाऱ्यावर दगड मारायचा, हे चढणारा ठरवतो.

२७ मार्च २०१९ रोजी भारताने 'मिशन शक्ती'मध्ये सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरील आपलाच उपग्रह फोडला. क्षेपणास्त्र ओडिशाच्या ज्या बेटावरून सुटले त्याला डॉ. कलाम यांचेच नाव आहे. तुकडे लवकर खाली यावेत म्हणून कमी उंची निवडली होती आणि बहुतेक तुकडे लवकर आलेही. तरी काही वरच्या कक्षेत फेकले गेले व बराच काळ फिरत राहिले. शेजारी हत्यार बाळगत असताना आपण हात बांधून बसावे, असे मी म्हणणार नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये अशा चाचण्या थांबवा, हा ठराव आमसभेत १५५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. बंधनकारक करार हवा ही आपली भूमिका आहे आणि ती रास्त आहे. तथापि चाचणी करून झालेली आहे. आता 'पुन्हा करणार नाही' असे म्हणण्यात आपले काय जाणार आहे? उलट करार मागताना आपल्या शब्दाला वजन येईल.

आपण काय करावे?

व्यापारी बांधवांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, निर्यातीचा माल पाठवताना विम्याची कागदपत्रे वाचा. साध्या सागरी विम्यात युद्धाचे नुकसान धरलेले नसते, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. आणि नुसत्या उशिरामुळे होणारे नुकसान तर सहसा मिळतच नाही. दुसरी, एल.सी. आणि सौदा यांच्या तारखांत आठ-दहा दिवसांची मोकळीक ठेवा. मोबाईलवरील खुणेच्या भरवशावर खरेदीदाराला वायदा देऊ नका, एजंटाकडून खात्री करा. तिसरी, दुकानात वहीखाते आणि थोडी रोकड असू द्या. जाळे एक दिवस बंद पडले तर कारागिराची मजुरी थांबता कामा नये.

आणि एक विनंती मुलांसाठी. २०२० पासून आपल्या देशात अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले आहे. हुशार मुलाला केवळ गादीवर बसवू नका, इलेक्ट्रॉनिक्स आणि गणिताकडेही पाठवा.

कुंपण नसलेले आकाश ही सर्वांकडे सोपवलेली अमानत आहे. अमानतीत खयानत करणाऱ्याला बाजारात कोणी उभे करत नाही. मोठ्या राष्ट्रांनाही हाच हिशेब लागू व्हावा, एवढी मागणी करण्याचा हक्क त्या तीन रात्री जागलेल्या व्यापाऱ्याला नक्कीच आहे.