चौकटीतला आकडा

टॅबलेटवर स्टायलसने लिहिलेली टिपणं टाइप मजकुरात उतरवताना लोक दोष देतात आपल्या अक्षराला. पण तक्ता असेल, तर खरी अडचण जागेची असते. अक्षर ओळखायला कागदाच्या फोटोत नसलेली माहिती टॅबलेटवर यंत्राला मिळू शकते: रेघ कुठून सुरू झाली, कोणत्या क्रमाने ओढली, पेन कधी उचलला. शिवाय वाक्यात चुकलेला शब्द शेजारच्या शब्दांवरून सावरता येतो. तक्त्यात, समजा गावोगावच्या पावसाच्या नोंदींच्या, मात्र चौकटीत एकटाच ‘१’ असतो, त्याला मागेपुढे कोणी नाही. त्यातून आपण देवनागरी आणि इंग्रजी अंक सर्रास मिसळतो. घाईतला आपला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला चार इंग्रजी आठसारखा. शिरोरेघेचं दुखणं आणखी वेगळं. तक्ता हाताने आखला असेल, तर कोणती आडवी रेघ तक्त्याची आणि कोणती गावाच्या नावावरची, हे ठरेपर्यंत वाचन पुढे सरकत नाही. ‘कित्ता’च्या, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’च्या, खुणेचा अर्थ तर वरच्या चौकटीवाचून लागतच नाही.

म्हणून आधी सांगाडा उभा करावा: रिकामा तक्ता, त्याचे मथळे टाइप करून. मग लिखाण रकान्या-रकान्याने, उभं उतरवावं. एका रकान्यात सगळे मिलिमीटरच असले, की वेडावाकडा आकडा चटकन नजरेत भरतो. यात एक फट आहे. मधली चौकट कोरी असेल, तर ती उतरवताना गळते आणि खालचे सगळे आकडे एकेक घर वर सरकतात. प्रत्येक अंक बरोबर, तारीख मात्र चुकीची. कोऱ्या चौकटीत आधीच आडवी रेघ मारावी, पण ती तक्त्याचीच रेघ समजली जात नाही ना, याकडेही लक्ष ठेवावं.

हा खटाटोप आता कशाला, नवी एआय मॉडेलं पानाचं चित्र पाहून आख्खा तक्ता देतात, असं कोणी म्हणेल. देतात, आणि श्रमही वाचतात. पण गिचमिड अक्षर निदान शंका तरी जागी ठेवतं. सुबक टाइपात चुकीचा आकडाही बरोबरच्याच थाटात बसतो. मूळ टिपणात आडव्या-उभ्या बेरजा असतील, तर एका चौकटीतली चूक जिथे न जुळणारी ओळ आणि न जुळणारा रकाना छेदतात तिथे सापडते. कोऱ्या चौकटीत यंत्राने शून्य भरलं, तर मात्र बेरीज काही बोलत नाही. तिला दोन्ही सारखेच. पावसाच्या नोंदवहीत शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, कोरी चौकट म्हणजे त्या दिवशी कोणी मोजलाच नाही.