हुंडा नको म्हणणारा नवरदेव

बसस्थानकावरील स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचे एक दार बराच वेळ उघडत नाही. बाहेर ताटकळणाऱ्या बायका आधी हाका मारतात, मग दार ठोठावतात. शेवटी दार तोडले जाते. आत एक तरुणी निष्प्राण पडलेली असते. अंगावर नवी साडी, पण गळ्यात, कानांत, हातांत एकही दागिना नाही. जवळ नावगाव सांगणारा कागद नाही. पोलीस येतात, पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते. बहुधा आत्महत्या असावी, असे म्हणून प्रकरण थंडावते. कोणी नातेवाईक शोधत आले नाहीत, तर बेवारस म्हणून अंत्यसंस्कारही उरकले जातात.

कर्नाटकात २००३ ते २००९ या काळात असे प्रसंग पुन्हा पुन्हा घडत होते. म्हैसूर आणि बंगळूरच्या बसस्थानकांवर तर ते अनेकदा घडले. मात्र प्रत्येक मृत्यूची नोंद वेगळ्या कागदावर होती. हे सगळे कागद एकत्र ठेवून पाहावेत, असे वर्षानुवर्षे कुणालाच सुचले नाही. ते पाहिले गेले तेव्हा कळले की, या सर्व मृत्यूंमागे एकच माणूस होता आणि तो पेशाने शिक्षक होता.

सभ्य चेहऱ्याचा सापळा

मोहन कुमार हा मंगळूरजवळच्या बंटवाळ तालुक्यातला. त्याने प्राथमिक शाळेत बरीच वर्षे नोकरी केली होती. पुढे वृत्तपत्रांनी त्याला ‘सायनाइड मोहन’ हे नाव दिले. तो ना दरोडेखोर दिसत होता, ना गुंड. चारचौघांसारखा नीटनेटका आणि गोड बोलणारा असा हा गृहस्थ होता.

सावज तो फार विचारपूर्वक निवडत असे. वीस ते तिशीच्या आसपासची, गरीब घरातली, हुंड्यापायी लग्न रखडलेली मुलगी तो हेरायचा. कुणी विड्या वळणारी, कुणी दुसऱ्यांच्या घरी काम करणारी, कुणी स्वयंपाकीण. बसच्या थांब्यावर किंवा प्रवासात तो ओळख काढायचा. तिची जात कोणती हे आधी जाणून घेऊन त्याच जातीला शोभेल असे खोटे नाव सांगायचा. आपल्याला सरकारी नोकरी आहे, असे भासवायचा. आणि मग म्हणायचा, “मला हुंडा नको.”

ज्या घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की बापाची मान खाली जाते, त्या घरातल्या मुलीला हे शब्द कसे वाटले असतील, याची कल्पना करून पाहा. आपल्यामुळे आईवडिलांच्या डोक्यावर कर्ज होणार नाही, उलट त्यांचा भार हलका होईल, या आनंदात ती सगळे विसरायची. लग्न लावायचे म्हणून तो तिला घरच्यांना न सांगता दूरच्या शहरात बोलवायचा. येताना दागिने घालून ये, असेही सांगायचा.

रात्री दोघांचा मुक्काम बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये होई. सकाळी तो तिला दागिने खोलीतच ठेवायला सांगायचा आणि बसस्थानकावर घेऊन जायचा. तिथे एक गोळी देऊन म्हणायचा, “ही घे, म्हणजे दिवस राहणार नाहीत. थोडे मळमळेल, म्हणून स्वच्छतागृहात जाऊन घे.” गोळीत सायनाइड असे. हे विष शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. काही मिनिटांतच सारे संपते. दाराआड ती शेवटचे श्वास घेत असताना तो लॉजवर परतून दागिने घेऊन निघून गेलेला असे.

सायनाइड सोन्याच्या कामात वापरले जाते. सोनारकाम करतो, असे सांगून त्याने ते मिळवले होते.

घरची माणसे गप्प का राहिली?

वीस मुली घरातून जातात आणि सहा वर्षे आरडाओरड होत नाही, हे कसे घडले? या प्रकरणातील सर्वांत वेदनादायक प्रश्न हाच आहे.

मुली स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडल्या होत्या. त्यामुळे ‘कुणाबरोबर तरी पळून गेली’ असाच घरच्यांचा समज झाला. पोलिसांत गेलो तर गावभर होईल, धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल, ही भीती होतीच. अनेक घरांनी तक्रारच केली नाही. तिने जिथे असेल तिथे सुखी राहावे, असे म्हणत ती माणसे गप्प बसली. मोहनला हे मौन पक्के ठाऊक होते. त्याचे खरे संरक्षण विषाच्या गोळीत नव्हते, ते ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीत होते.

शेवटी हे मौन एका गावाने मोडले. जून २००९ मध्ये बंटवाळ तालुक्यातली एक तरुणी नाहीशी झाली. ती परधर्मातल्या मुलाबरोबर पळाली, अशी अफवा उठली. तिच्या समाजातील लोक संतापून पोलीस ठाण्यावर धावून गेले. अफवा खोटी होती, पण त्या दबावामुळे तपास मात्र खरा सुरू झाला. पोलिसांनी तिच्या फोनवरचे कॉल तपासले. त्यातून दुसऱ्या एका बेपत्ता मुलीचा क्रमांक निघाला, तिच्यावरून तिसरीचा. त्यातला एक मोबाइल एका मुलाच्या हाती सापडला. तो फोन त्याला त्याच्या काकांनी दिला होता. ते काका म्हणजेच मोहन कुमार. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला अटक झाली.

न्यायालयाची लांब वाट

प्रत्येक खुनाचा खटला स्वतंत्रपणे चालला. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. लॉजच्या नोंदी, कॉलचा तपशील, हाती लागलेले दागिने, मुलीबरोबर त्याला पाहिलेल्यांच्या साक्षी, अशी एकेक कडी सरकारी पक्षाने जोडली. मोहनने न्यायालयात आपली बाजू स्वतःच मांडली.

डिसेंबर २०१३ मध्ये मंगळूरच्या जलदगती न्यायालयाने पहिल्या तीन खटल्यांत त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंटवाळच्या त्या तरुणीच्या खटल्यातील फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. पुढच्या खटल्यांत कुठे फाशी, कुठे जन्मठेप असे निकाल येत राहिले. विसावा आणि शेवटचा खटला केरळमधील कासरगोडच्या एका तरुणीचा होता. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करीत असे. या खटल्याचा निकाल जून २०२० मध्ये जन्मठेपेचा लागला. अटकेपासून शेवटच्या निकालापर्यंत जवळजवळ अकरा वर्षे गेली.

आपण काय शिकायचे?

गुन्हेगाराला शिक्षा झाली, म्हणून हे प्रकरण संपले असे समजणे सोयीचे आहे. पण ज्या परिस्थितीचा त्याने फायदा घेतला, ती आजही आपल्या घराघरांत आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरीही ‘हुंडा नको’ हे दोन शब्द एखाद्या मुलीला देवाच्या वरासारखे वाटावेत, यात दोष कुणाचा?

मुलीने एखादा मुलगा पसंत केला, तर ते आईवडिलांना निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे. रागावणे, घरात कोंडणे याने मुली सुरक्षित होत नाहीत, फक्त अबोल होतात. स्थळ कितीही चांगले वाटले तरी त्याचे घर, नोकरीचे ठिकाण आणि आधीचे लग्न यांची चौकशी करावी. घरच्यांपासून लपवून, दागिने घेऊन परगावी ये, असे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असूच शकत नाही, हे मुलींनीही मनात पक्के धरावे.

आणि मुलगी घरी आली नाही, तर त्याच दिवशी पोलिसांत जावे. चोवीस तास थांबलेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. गुन्ह्याचा संशय असेल, तर हद्दीबाहेरच्या पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदवता येते. ती स्वतःहून गेली असेल, तर फार तर चार दिवस लोक बोलतील. पण ती संकटात असेल, तर तिला शोधणारे कुणीतरी हवे.

त्या वीस जणींपैकी पहिलीच्याच घरून कुणी हट्टाने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या असत्या आणि पोलिसांनीही तो बेवारस मृतदेह कुणाचा, हे चिकाटीने शोधले असते, तर कदाचित उरलेल्या एकोणीस जणी आज आपापल्या संसारात असत्या.