जमिनीच्या पोटातली बातमी

मंडळी, बाजारात मडके घेताना आपण काय करतो? त्याला टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर मडके पक्के. बद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज सांगतो. जमिनीच्या पोटात काय आहे, तेही असेच ओळखतात.

१९८३ साली आपल्या शहापूर तालुक्यात, भातसा धरणाजवळ खर्डीच्या बाजूला, जमीन वारंवार हादरू लागली. १५ सप्टेंबरला मोठा धक्का बसला. मी तेव्हा नवा मास्तर होतो. लोक विचारीत, "गुरुजी, माहुलीचा डोंगर फुटणार का हो? खाली आग आहे म्हणतात!"

ही भीती उगाच नव्हती. माहुलीचा काळा कातळ, मुरबाडकडचा नाणेघाट, हे सारे एके काळी तापलेल्या दगडाचा रस होते. जमिनीला भेगा पडून तो रस बाहेर आला नि थरावर थर पसरला. पण त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली. तो रस केव्हाच थिजला.

मग खाली आज काय आहे? ते लाटा सांगतात. तळ्यात दगड टाकला की पाण्यावर लाटा पसरतात. तशाच भूकंपाच्या लाटा जमिनीतून पसरतात. भूकंपमापक यंत्र त्या टिपून घेते.

या लाटा मुख्यतः दोन. पहिली एसटीसारखी जलद. दुसरी बैलगाडीसारखी मागून येणारी. दोघी एकदमच निघतात. पण गाव जितके लांब, तितकी दुसरीला पोचायला जास्त वेळ लागतो. दोघींत एक सेकंदाचे अंतर पडले, तर धक्क्याची जागा सुमारे ८ किलोमीटरवर समजावी. तीन-चार ठिकाणी यंत्रे ठेवली की नेमकी जागा सापडते.

घट्ट कातळातून लाट वेगाने जाते, ठिसूळ थरात मंदावते. दुसरी लाट तर पातळ रसातून जातच नाही. जपान, इटलीत जागे ज्वालामुखी आहेत. तिथे डोंगराखालचा रस असाच शोधतात.

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. पुढे त्या भागात हैदराबादच्या संशोधन संस्थेने सुरुंग उडवून मुद्दाम लाटा काढल्या. तीस-पस्तीस किलोमीटर खोलपर्यंतचे खडकाचे थर त्यावरून कळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. नंतर तिथे भोक पाडून पाहिले. ३३८ मीटर काळा दगड लागला. त्याखाली थोडा गाळाचा थर, आणि मग जुना घट्ट खडक. आग कुठेच नव्हती.

मग आपल्याकडे धक्के का बसतात? खडकात जुन्या भेगा असतात. त्यांच्यावर ताण साठतो. धरणाचे पाणी खोल मुरले की भेगेतला दाब वाढतो. भेग सरकते नि जमीन हलते.

मात्र धक्का कधी येणार, हे कोणतेच यंत्र आधी सांगू शकत नाही. किल्लारीला माणसे मेली, ती आगीने नव्हे. मातीत रचलेल्या दगडी भिंती नि जड माळवदे अंगावर पडून मेली. म्हणून घर बांधताना भिंती एकमेकींत नीट गुंफा. छप्पर हलके ठेवा. डोंगराचे भय सोडा, भिंतीची काळजी घ्या.