वर्गातला मोबाईल

मुलांच्या हाती मोबाईल दिसला की आपल्या कपाळावर आठ्या पडतात. उगाच नव्हे. मुले त्यावर खेळ खेळतात, चित्रफिती पाहतात, आणि अभ्यास राहतो बाजूला. पण हीच वस्तू घड्याळ आहे, कॅमेरा आहे, आवाज टिपणारे यंत्र आहे. आणि या तिन्ही कामांना रेंज लागत नाही! पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांना ही मोठीच सोय.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आता सर्वांना ठाऊक आहेत. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो प्रयोग केला, आणि 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. कोड चांगलाच. पण त्यामागची चित्रफीत पाहायला बहुधा रेंज हवी, आणि मूल नुसते पाहत बसण्याची भीती असतेच. मोजायचे, टिपायचे काम द्या. मग बघा गंमत.

लंबकाचेच घ्या. सुतळीला दगड बांधा. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर ठेवा. जाऊन परत आला की एक झोका. असे दहा झोके मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा. वीस सेकंदांच्या आसपास उत्तर येते. आता लांबी पाव मीटर करा. दहाच सेकंद! लांबी चौथाई झाली, मग वेळ निम्माच का झाला? हा प्रश्न मुलांकडून यायला हवा. गुरुजींनी तोवर जरा गप्प राहावे, हे कठीण असले तरी.

दुसरा उद्योग आपल्या मुलखातला. जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. कोणत्या भिंतीवर ते कुठवर चढले, हे थोरांना अजून आठवते. मुलांनी त्या खुणेला टेप लावून फोटो घ्यावा, आणि आजीची हकीकत, तिला विचारून, तिच्याच बोलीत टिपावी. मग फळ्यावर आकडे मांडा: नदीकडच्या आळीत किती फूट, चढावरच्या आळीत किती. जमिनीचा उतार म्हणजे काय, हे नकाशावाचून कळते. मात्र त्याच पावसात तळीयेवर दरड कोसळली. ज्या घरातले माणूस गेले, तिथे मुलांना अशा कामाला धाडू नये.

आता अडचणीचे बोलू. पुष्कळ घरांत मोबाईल एकच, आणि तो बापाबरोबर महाडच्या एमआयडीसीत जातो. घरी उरलाच तर आधी मुलगा घेतो, मुलगी मागाहून. “उद्या मोबाईल आणा” असा हुकूम सोडलात, तर एखादे पोर त्या दिवशी शाळेलाच येणार नाही. पाच-सहा मुलांत एक पुरे. गुरुजींचा स्वतःचा धरला तरी भागते. एकाने घड्याळ बघावे, एकाने झोके मोजावेत, एकाने वहीत उतरवावे. कामे फिरती ठेवा, आणि मोबाईल पहिल्याने मुलीच्या हाती द्या. काम संपले की सारे मोबाईल टेबलावर, पडदा खाली. आजीचा आवाज आणि शेजाऱ्याच्या भिंतीचा फोटो कुणाला पुढे पाठवायचा नाही, हे मात्र आधीच ठरवून घ्या.